दिवस मावळण्याआधीचे ताट

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि दिवसही भराभर लहान होऊ लागतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेल्या वडीगोद्रीत जून महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो. डिसेंबरच्या आरंभी मात्र पावणेसहाच्या सुमारासच अंधारू लागते. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे, आधी अन्नपाणी आवरण्याचा ज्या घरांचा नियम आहे, त्या घरांत हिवाळ्यात पाचच्या ठोक्याला ताट पुसून व्हावे लागते.

व्यापारी घराची खरी अडचण इथेच आहे. गोदावरीच्या अलीकडचा, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या आसपासचा हा पट्टा कापूस, ऊस, तूर आणि मोसंबीचा. कापसाची वेचणी ऐन भरात येते ती याच लहान दिवसांत. शेतकरी सकाळभर वेचणी करून दुपारनंतर माल घेऊन निघतो आणि चार ते सात हाच वेळ काट्यावर सर्वांत गर्दीचा ठरतो. किराणा, कापड, खते-बियाणे यांच्या दुकानांतही तीच वर्दळ असते, कारण कापूस विकून हाती आलेला पैसा त्याच संध्याकाळी बाजारात फिरतो. धंद्याची वेळ आणि चौविहाराची वेळ एकमेकींवर येतात. मग गल्ल्यावर बसलेला श्रावक एक तर उपाशी राहतो, नाही तर ‘आज चालेल’ म्हणून सवलत घेतो. अशी सवलत आठवड्यातून चार वेळा घेतली गेली, की नियम नावापुरताच उरतो.

या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी स्वयंपाकघरात आहे. सायंकाळचे जेवण अर्ध्या तासात तयार होणारे, डब्यातून दुकानात नेता येणारे आणि तरीही रोजरोज तेच न वाटणारे असावे लागते. त्यात कंदमूळ वर्ज्य, शिळे वर्ज्य. महिन्यातील अष्टमी, चतुर्दशी आणि इतर तिथींना हिरवी भाजीही वर्ज्य. रात्रभर भिजवलेले किंवा मोड आणलेले कडधान्यही अनेक घरांत चालत नाही. या मर्यादांत राहूनही ताट चविष्ट करता येते, हे मारवाडातून मराठवाड्यात आलेल्या आणि मूळच्या इथल्या अशा दोन्ही जैन घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवून दिले आहे. एकाने राजस्थानचे गट्टे आणि दाणामेथी जपली, दुसऱ्याने जवस-तिळाच्या चटण्या आणि ज्वारीची भाकरी. आज दोन्ही एकाच ताटात सुखाने नांदतात.

खालील कृती चार माणसांच्या बेताने दिल्या आहेत. संघ आणि परंपरेनुसार नियमांत थोडाफार फरक असतो. तेव्हा जो पदार्थ ज्या दिवशी आपल्या घरी चालतो, तोच त्या दिवशी करावा.

तिथीच्या दिवशी

पापडाची भाजी : दुकानातून निरोप आला आणि हाती दहाच मिनिटे असली, तर या भाजीसारखा आधार नाही. मुगाचे चार पापड भाजून त्यांचे मोठे तुकडे करावेत. कढईत एक मोठा चमचा तूप तापवून जिरे आणि हिंग घालावा. आच मंद करून पाव चमचा हळद, एक चमचा धणेपूड आणि अर्धा चमचा तिखट घालून लगेच दोन वाट्या पाणी ओतावे, म्हणजे मसाला जळत नाही. पाण्याला उकळी आली की अर्धा चमचा आमचूर आणि चिमूटभर सुंठ घालावी. पापडाचे तुकडे अगदी शेवटी सोडून दोन मिनिटांत उतरवावे. पापडात मीठ असतेच. म्हणून चव पाहिल्याशिवाय मीठ घालू नये. ही भाजी डब्यात पाठवायची असेल, तर रस्सा आणि भाजलेले पापड वेगळे द्यावेत आणि जेवताना एकत्र करावेत.

गट्ट्याची भाजी : दोन वाट्या बेसनात तीन मोठे चमचे तेलाचे मोहन, अर्धा चमचा ओवा, तिखट, हळद आणि मीठ घालून कोमट पाण्याने घट्ट मळावे. पाणी चमच्या-चमच्याने घालावे. सैल पीठ उकळताना सुटते. बोटाएवढ्या जाडीच्या वळकट्या करून उकळत्या पाण्यात सोडाव्यात. दहा-बारा मिनिटांत त्या वर तरंगू लागतात आणि अंगावर बारीक फोड दिसतात. ही शिजल्याची खूण. निवल्यावर त्यांचे तुकडे करावेत आणि उकळलेले पाणी रश्श्यासाठी राखावे. तेलात जिरे, हिंग, धणेपूड, तिखट आणि सुंठ यांची फोडणी करून त्यात एक चमचा बेसन खमंग परतावे. मग राखलेले पाणी, आमचूर आणि मीठ घालून गट्टे पाच मिनिटे उकळावेत. गट्टे सकाळीच उकडून ठेवले, तर सायंकाळी फोडणीपुरतेच काम उरते.

गट्ट्यांत दही घालण्याची रीत अनेक घरांत आहे. तिथे द्विदळाचा विचार हवा. कच्चे दही आणि डाळीचे पीठ एकत्र येऊ नये, म्हणून दही आधी वेगळ्या पातेल्यात सतत ढवळत चांगले गरम करावे आणि मगच त्यात बेसनाचा पदार्थ घालावा. कढीलाही हीच काळजी लागू आहे. थंड ताकात बेसन कालवून मग चुलीवर ठेवण्याची सवय घाईच्या दिवशी नकळत लागते.

दाणामेथी : अर्धी वाटी मेथीदाणे सकाळी गरम पाण्यात तासभर भिजवावेत, नंतर दोन पाणी बदलून मऊ उकडावेत. कडवटपणा बराच उतरतो. उरतो तो हवाहवासा वाटणारा. तेलात बडीशेप आणि हिंग घालून त्यात मेथीदाणे, बिया काढून चिरलेल्या पाच-सहा खारका आणि दोन चमचे मनुका परताव्यात. हळद, तिखट, मीठ, एक चमचा आमचूर आणि दोन चमचे गूळ घालून, थोडे पाणी शिंपडून झाकण ठेवावे. गूळ विरघळून सर्वांना लागला की उतरवावे. ही भाजी कोरडी असल्याने डब्यात सांडत नाही आणि दोन चमच्यांतही पोळीचे जेवण रुचकर करते.

हिरवी भाजी चालते त्या दिवशी

तुरीच्या सोल्यांची आमटी : कापसाच्या शेतात पट्ट्यापट्ट्याने तूर असते आणि मार्गशीर्षाच्या सुमारास तिच्या ओल्या शेंगा बाजारात दिसू लागतात. शेंगा सोलणे हे बसून करायचे काम आहे. ते दुपारी, उजेडातच करावे. तुरीच्या शेंगेत अळी हमखास असते. भोक पडलेली शेंग बाजूला काढावी आणि प्रत्येक शेंग उघडून पाहिल्याशिवाय दाणे भांड्यात टाकू नयेत. विळीवर किंवा यंत्रात शेंगा एकदम चिरण्याचा मार्ग इथे वर्ज्यच समजावा. दोन वाट्या सोले थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परतावेत. त्यातील निम्मे दाणे दोन हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरे, एक चमचा भाजलेले तीळ आणि दोन चमचे सुके खोबरे यांसह भरड वाटावेत. मोहरी, जिरे आणि हिंगाच्या फोडणीवर वाटण परतून तीन वाट्या गरम पाणी आणि उरलेले दाणे घालावेत. मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळले, की दाटसर आमटी तयार होते. कांदा-लसूण नसल्याची उणीव इथे तीळ-खोबरे भरून काढतात. ज्वारीची गरम भाकरी सोबत असेल, तर दुसरे काही लागत नाही.

दोडका आणि शिरांची चटणी : अर्धा किलो कोवळा दोडका घेऊन आधी प्रत्येकाचा छोटा तुकडा चाखावा, एखादा कडू निघाला तर तो टाकून द्यावा, नाही तर सारी भाजी कडू होते. शिरा पातळ सोलून वेगळ्या ठेवाव्यात. अर्धी वाटी मूगडाळ वीस मिनिटे भिजवावी. मोहरी, जिरे, हिंग आणि हळदीच्या फोडणीत डाळ दोन मिनिटे परतून दोडक्याच्या फोडी घालाव्यात आणि झाकणावर पाणी ठेवून शिजवावे. दोडक्याला स्वतःचेच पाणी सुटते. वरून पाणी घालण्याची घाई करू नये. शेवटी मीठ, चिमूटभर सुंठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घालावे.

राखून ठेवलेल्या शिरा बारीक चिरून एक चमचा तेलात कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. दोन मोठे चमचे तीळ आणि तीन सुक्या मिरच्या भाजून, मीठ व थोडे आमचूर घालून सर्व भरड कुटावे. एका भाजीत दोन पदार्थ होतात आणि फेकण्यासारखे फारच थोडे उरते.

मोसंबी-काकडीची कोशिंबीर : जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळालेले फळ आहे, पण आपल्याकडे ती बहुधा रसातच संपते. दोन मोसंब्यांच्या फोडींवरची पांढरी साल आणि बिया काढून त्यांचे तुकडे करावेत. एका काकडीच्या बारीक फोडी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, चिमूटभर मिरपूड आणि एक चमचा भाजलेले तीळ घालून अलगद हलवावे. मीठ अगदी वाढताना घालावे, नाही तर पाणी सुटते. दही नसल्याने डाळीच्या कोणत्याही पदार्थाशेजारी ही कोशिंबीर निर्धास्त वाढता येते.

घरात असावीच अशी चटणी

जवसाची चटणी : एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे. पाव वाटी तीळ, सहा-सात सुक्या मिरच्या आणि एक चमचा जिरे वेगवेगळे भाजावेत. सर्व गार झाल्यावर मीठ, अर्धा चमचा आमचूर आणि तेलात फुलवलेला हिंग घालून कुटावे. फार बारीक केली तर तेल सुटून चटणीचा गोळा होतो, भरडच बरी. लसणाची सवय असलेल्या पाहुण्यांनाही हिंगाचा हा खमंगपणा आवडतो. बाजारातला हिंग आणताना डब्यावरील घटक वाचावेत, कारण त्यात पीठ मिसळलेले असते आणि एकासनाच्या विशेष नियमांत ते महत्त्वाचे ठरू शकते. कोरड्या पदार्थांचा काळ हिवाळ्यात 30, उन्हाळ्यात 20 आणि पावसाळ्यात 15 दिवसांचा मानण्याची रीत अनेक घरांत आहे. म्हणून चटणी वाटीभरच करावी आणि बरणीवर दिनांक लिहून ठेवावा.

वेळेचे गणित

पदार्थ सोपे असूनही संध्याकाळ निसटते, ती बहुधा सुरुवात उशिरा झाल्याने. हिवाळ्यात सकाळच्या स्वयंपाकाबरोबरच सायंकाळची निम्मी तयारी व्हावी : गट्टे किंवा मेथीदाणे उकडणे, मसाला भाजणे, पीठ चाळणे. दुपारी भाजी निवडावी. साडेतीनला चूल पेटली, तर सव्वाचारला डबा दुकानाच्या वाटेला लागतो आणि गल्ल्यावरचा माणूस दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या पंधरा मिनिटांत शांतपणे जेवू शकतो. त्या पंधरा मिनिटांपुरते गल्ल्यावर कोणी बसायचे, हेही सकाळीच ठरलेले असावे. भिंतीवरच्या पंचांगाशेजारी सूर्यास्ताची वेळ रोज खडूने लिहिली, तर दुकानातील मुलांच्याही ती ध्यानात राहते.

या गणितात एक ताट बहुतेक वेळा धरले जात नाही. डबा गेला, मुले जेवली, सासूबाईंचे आटोपले. तोवर पावणेपाच होतात आणि जिने हे सारे उरकले, ती तव्यावरची शेवटची पोळी घाईने उभ्यानेच खाते किंवा ‘आता वेळ झाली’ म्हणून पाणी पिऊन उठते. महिनोन्‌महिने असे चालले, तर त्याला तप म्हणता येणार नाही. तप स्वेच्छेने आणि पच्चक्खाण घेऊन होते. हे केवळ वेळ न उरल्याने घडलेले उपाशीपण आहे, आणि अशक्तपणा, चक्कर, पित्त या रूपांत त्याची वसुली शरीर करते. म्हणून वरील प्रत्येक कृतीचे प्रमाण मोजताना चौथे ताट स्वयंपाक करणारीचे धरावे. डबा भरायच्या आधी तिची भाजी वाटीत काढून झाकून ठेवावी. पोळ्या लाटायला घरातील आणखी एक हात, मग तो मुलीचा असो वा मुलाचा, साडेतीनला मोकळा असावा.

चौविहार पाळणारे घर म्हणजे ज्या घरात सगळ्यांचे जेवण उजेडात होते ते घर. पौष उजाडला की दिवस पुन्हा हळूहळू मोठा होऊ लागेल. तोवर कापूस येत राहील, काट्यावरची रांग लांबत राहील. चूल मात्र साडेतीनला पेटलेली असावी.