चांदीची धाव आणि खरे समाधान

संपत्तीने समाधान लाभते काय, हा प्रश्न आपल्या भागातील कृषकांस नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि नागपूर-वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. त्या भरात काहींनी गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या, अशी त्या काळची नोंद आहे. युद्ध संपताच भाव कोसळला. चांदीच्या धावेने गाडी अधिक ओझे वाहत नाही, हे तेव्हाही उघडच होते.

कन्हानच्या आसपास कोळशाच्या खाणींसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हाती मोबदल्याची रक्कम एकदम आली; त्यांचीही परीक्षा हीच. पैसा वाईट, असे आमचे म्हणणे नव्हे. दारिद्र्यात समाधान मानावे, हा उपदेशही आम्हांस मान्य नाही. परंतु शेजाऱ्याने पाहावी म्हणून घेतलेल्या वस्तूचे सुख, त्याने तिच्याहून मोठी घेईपर्यंतच टिकते. विहिरीचे पाणी, मुलांचे शिक्षण आणि बोजा नसलेला सातबारा यांचे सुख कोणाच्या पाहण्यावर अवलंबून नसते. म्हणून आलेल्या रकमेतून आधी कर्ज फेडावे, मग पाण्याची व मुलांच्या शिक्षणाची तरतूद करावी, आणि उरेल त्यात हौस खुशाल पुरवावी.