येरळेकाठची दोन स्मारके

हुतात्म्यांचा विसर दोन मार्गांनी पडू शकतो. एक मार्ग स्मारक न उभारण्याचा. दुसरा, अधिक प्रतिष्ठित मार्ग स्मारक उभारून मोकळे होण्याचा. महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी दुसरा पत्करला. वडूजचे हुतात्मा स्मारक या दृष्टीने तपासून पाहिले पाहिजे.

९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील शेतकरी तिरंगा घेऊन वडूजच्या मामलेदार कचेरीवर चालून गेले. सहाच दिवस आधी, ३ सप्टेंबरला, तासगावच्या मोर्चाने रक्त न सांडता कचेरीवर झेंडा चढविला होता. वडूजला मात्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वडगावचे परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही गोळीबार झाला.

ही माणसे कोणत्या मातीतून आली? याच सातारा जिल्ह्यात अपशिंगे येथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या ४६ जवानांचा स्मृतिस्तंभ आहे. तो उभारला ब्रिटिश सरकारने. साम्राज्यासाठी मेलेल्यांना साम्राज्याने दगड दिला. साम्राज्याविरुद्ध उठलेल्यांना गोळी दिली. परंतु दोघांच्या घरची चूल एकच होती. जिरायती शेतीवर भागत नाही म्हणून या मुलखाने पलटणींना जवान आणि मुंबईच्या गिरण्यांना कामगार पुरविले. सातारच्या शौर्याचे गोडवे गाणाऱ्यांनी त्यामागचे हे अर्थशास्त्र नेहमीच सोयीस्करपणे वगळले आहे.

सातारच्या लढवय्यांनी मात्र ते वगळले नव्हते. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली, आजच्या सांगली जिल्ह्याच्या बऱ्याच भागासह तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकार चालले. त्याने गावोगावी न्यायदान मंडळे नेमली, सावकारीला व गुंडगिरीला जरब बसविली, दारूबंदी केली, लग्नातील उधळपट्टी थांबविली. आज लोकांच्या लक्षात राहिली ती पत्र्या ठोकण्याची शिक्षा. न्यायदान मंडळे विस्मृतीत गेली. हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. शिक्षेची कथा रंगवून सांगता येते. गावाने स्वतःचा कारभार स्वतः चालविल्याची कथा सत्ताधाऱ्यांना अडचणीची ठरते.

पुढे १९८०च्या दशकाच्या आरंभी शासनाने राज्यभर जवळजवळ एकाच साच्यातली हुतात्मा स्मारके बांधली. हुतात्म्यांची नावे दगडावर आली. त्यांचा कार्यक्रम आला नाही. स्मारकाला राजकारण चिकटवू नये, असे यावर सांगितले जाईल. पण वडूजचा मोर्चा हे राजकारण नव्हते तर काय होते? कचेरीवर कोणाचा झेंडा, म्हणजे कोणाची सत्ता, हाच त्याचा प्रश्न होता.

वडूजवरून वाहणारी येरळा पुढे सांगली जिल्ह्यात जाते. तिथे खानापूर तालुक्यात, बलवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात मुक्तिसंघर्ष चळवळीबरोबर एक धरण उभारले. कोरड्या नदीपात्रातली वाळू कंत्राटदाराच्या घशात घालण्याऐवजी तिच्या विक्रीतून त्यांनी निधी जमविला. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात वाटा, हे त्यांचे तत्त्व. नाव ठेवले ‘बळीराजा स्मृती धरण’. १९९३पासून आटपाडीत भरू लागलेल्या पाणी परिषदांनी समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी तेरा दुष्काळी तालुक्यांपुढे नेली. प्रतिसरकारचे सेनानी नागनाथअण्णा नायकवडी त्या लढ्यात अग्रभागी होते. १९४२चे बंड आणि पाण्याची लढाई यांतले नाते स्पष्ट करण्यास याहून वेगळा पुरावा नको.

एकाच नदीच्या काठची ही दोन स्मारके. एकावर हुतात्म्यांची नावे आहेत, दुसऱ्यात त्यांचे उद्दिष्ट आहे. कार्यकर्त्यांनी ९ सप्टेंबरला वडूजच्या स्मारकावर अवश्य जावे, फूल वाहावे. मात्र तिथेच, त्या नावांच्या साक्षीने, उपशाचे पाणी कोणाच्या उसाला मिळते आणि कोणाची ज्वारी वाळते, याचा हिशेब गावासमोर मांडावा. भूमिहीनाचा पाण्यावरील हक्क त्या दिवशी जाहीरपणे मागितला गेला, तरच कचेरीवर चालून गेलेला तो मोर्चा पुढे सरकेल.