विश्लेषण : फ्रोझन अन्न स्वस्त, तरी ते घ्यायला कर्ज का लागते?

ब्रिटनमधील ‘आइसलँड’ ही दुकानसाखळी गोठवलेले अन्न स्वस्तात विकण्यासाठी ओळखली जाते. याच साखळीने ऑगस्ट २०२२ मध्ये किराण्यासाठी बिनव्याजी कर्जाची योजना देशभर सुरू केली. स्वस्त दुकानातही ही वेळ का आली?

‘आइसलँड’ काय आहे?

नाव देशाचे असले तरी कंपनी ब्रिटिश आहे. १९७० मध्ये माल्कम वॉकर आणि पीटर हिंचक्लिफ यांनी इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री येथे पहिले दुकान थाटले. सुरुवातीला गोठवलेला माल सुटा, वजनावर विकला जाई. आज साखळीची ९००हून अधिक दुकाने आहेत.

फ्रोझन स्वस्त कसे पडते?

हंगामात स्वस्त मिळणारा मटार तेव्हाच गोठवला जातो. उणे १८ अंश सेल्सिअसला जिवाणूंची वाढ थांबते, त्यामुळे तो महिनोन्महिने टिकतो. दुकानात नासाडी कमी. घरीही हवा तेवढाच काढून उरलेला परत ठेवता येतो. म्हणजे ‘फ्रोझन म्हणजे शिळे’ हा समज चुकीचा आहे.

मग कर्ज कशासाठी?

शाळांना सुट्टी लागली की गरीब मुलांचे शाळेतील मोफत जेवण थांबते आणि घरखर्च वाढतो. म्हणून ‘फूड क्लब’ या योजनेत सुट्ट्यांच्या सुमारास २५ ते १०० पौंड कार्डावर मिळतात. फेड आठवड्याला १० पौंडांची. मार्च २०२३ मध्ये तर ब्रिटनमधील अन्नधान्य महागाई १९ टक्क्यांवर गेली होती.

ही योजना योग्य आहे का?

सावकारी व्याजापेक्षा नक्कीच बरी. पण ही आपल्या किराणा दुकानातील उधारीच्या वहीचीच डिजिटल आवृत्ती आहे. वही अडीनडीला उपयोगी. दर सुट्टीत उघडावी लागली, तर प्रश्न दुकानाचा नसून उत्पन्नाचा असतो.

दुसरी अडचण विजेची. स्वस्त पाकीट टिकवायला फ्रीझर अखंड चालू हवा. ब्रिटनमधील अनेक गरीब घरांत प्रीपेड मीटर आहेत. रिचार्ज संपला की फ्रीझर बंद आणि सवलतीत घेतलेले अन्न कचऱ्यात.

स्वस्त दुकाने हवीतच. पण त्यांच्या भरवशावर सरकारने सुट्टीतील जेवणाची जबाबदारी सोडू नये. मुलाचे जेवण हप्त्यांवर आणावे लागत असेल, तर त्याला सवलत म्हणता येणार नाही.