फुकटचा निर्वात!

मंडळी, गावाकडून मला रुवैसमध्ये हल्ली एकच व्हिडिओ येतोय: स्पिरिटच्या दिव्यापुढे गरगरणारं चिमुकलं इंजिन. खाली मजकूर, 'निर्वातावर चालते, इंधन नाममात्र'. आमचे चुलतबंधू तर विहिरीवर असलाच पंप बसवायला आगाऊ पैसे द्यायला निघालेत. अरे बाबा, थांब!

निर्वात म्हणजे इंधन नव्हे. पिस्टन मागे सरकताना ज्योत आत ओढतो, झडप मिटते, वायू गार होऊन दाब उतरतो आणि बाहेरची हवा पिस्टनला ढकलते. ढकलून ढकलणार किती? फार तर चौरस सेंटिमीटरला एक किलो, प्रत्यक्षात बरंच कमी. वायू गार व्हायला सिलिंडर थंड हवा, आणि तोच ज्योतीची बहुतेक उष्णता गिळतो! १७१२ च्या न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं दुखणंही असंच होतं. इकडे आखातात तर उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तिशीपार गेलं की वाफेच्या टर्बाइनमागचा निर्वातसुद्धा ढासळतो. तोही फुकट नाहीच.

खेळणं म्हणून झकास, यात वाद नाही. पण कार्यक्षमता जेमतेम एक टक्का. म्हणजे पाच एचपीसाठी तासाला ३५-४० लिटर डिझेलइतकी उष्णता जाळायची. साधं डिझेल इंजिन तेच काम दीड लिटरात करतं, राव!