मागच्याला वाट द्यावी

मध्य प्रदेशातील बालाघाट हा मँगनीजचा जिल्हा; भरवेलीच्या खाणीमुळे तेथील जनतेला खनिजवाहू ट्रकांचा परिचय जुनाच आहे. असा अवजड ट्रक भोंगा वाजवीत पाठीशी येऊन भिडला की पुढील दुचाकीस्वाराची काय अवस्था होते, हे उसगाव-कुडचड्याच्या रस्त्यांवर टिपरांच्या रांगा पाहिलेल्या गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. आणि पाय ब्रेकवर पडेतोच तो सेकंद सरतो. म्हणूनच १९८९ च्या रस्ता-नियमांनी, तसेच त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या विनियमांनीही, पुरेसे अंतर राखण्याची जबाबदारी मागच्या चालकावर टाकली आहे. परंतु कायदा मागच्यास दोषी ठरवील. पुढच्याचा प्राण परत देणार नाही. सबब आमचे सांगणे पुढच्यास आहे. भीतीपोटी वेग वाढवू नये, रागाच्या भरात अवचित ब्रेक दाबू नये. आपल्यापुढील अंतर वाढवावे आणि सोयीची जागा येताच डावीकडे होऊन वाट द्यावी. त्यात मानहानी कसली?

मात्र वाहतूक पोलिसांनीही केवळ वेग मोजून न थांबता दोन वाहनांतील अंतर पाहावे. शहाण्याने सोसावे आणि बेदरकाराने मोकाट सुटावे, हा न्याय नव्हे.