करप्याचा जिवाणू उग्र केव्हा होतो?

ऑगस्टमधील झड उघडली की कपाशीच्या पानांवर पाणी भरल्यासारखे कोनाकृती ठिपके दिसू लागतात. पुढे ते काळे पडतात, रोग शिरांवाटे देठात व फांदीत उतरतो आणि बोंडे सडू लागतात. हा जिवाणूजन्य करपा होय. अशा वेळी यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी बंधूंचा पहिला प्रश्न असतो, "साहेब, कोणता फवारा मारू?" प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. तो उशिरा कसा, हे जिवाणूच्या स्वभावावरून कळते.

झँथोमोनास वर्गातील हा जिवाणू सरकीवर व शेतात राहिलेल्या पऱ्हाटीच्या अवशेषांत गुपचूप टिकून राहतो. त्याची रोगकारक शक्ती सदैव जागी नसते. पावसाच्या थेंबांबरोबर तो पर्णरंध्रांतून पानात शिरला, की तेथील परिस्थिती ओळखून त्याची ठराविक जनुके कार्यास लागतात. त्यांच्या योगे सुईसारखी सूक्ष्म नळी तयार होते व तिच्यातून काही प्रथिने कपाशीच्या पेशीत सोडली जातात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, यांपैकी एक प्रथिन कपाशीचेच, पेशीतील साखर बाहेर सोडणारे जनुक जागे करते. म्हणजे चोर घरात शिरून घरधन्याच्याच हातून कोठीचे कुलूप उघडवितो!

याच वर्गातील, कोबीवर काळी कूज आणणाऱ्या जिवाणूत १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट दिसून आली. त्याच्या पेशी एक संकेतद्रव्य सोडतात. संख्या वाढून ते पुरेसे साचले, की सर्व पेशी मिळून वनस्पतीची पेशीभित्ती विरघळविणारे स्राव निर्माण करतात.

तात्पर्य, ठिपका दिसतो तेव्हा शत्रू घरात शिरून बळावलेला असतो. ताम्रयुक्त औषध नव्या पानांचे काही संरक्षण करते. आत शिरलेल्या जिवाणूस ते गाठू शकत नाही. स्ट्रेप्टोमायसिन तर माणसाच्या क्षयरोगावर वापरले गेलेले औषध आहे. त्याचा वारंवार वापर केल्यास त्यास न जुमानणारे जिवाणूच मागे उरतात. शिवाय २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, हे आपण विसरता कामा नये. जो फवारा रोगास गाठत नाही, त्यासाठी माणसाचा जीव धोक्यात का घालावा?

म्हणून जिवाणू निद्रिस्त असतानाच त्यास अडवावे. वेचणी संपताच पऱ्हाटी उपटून शेताबाहेर न्यावी. सरकी खात्रीची व तंतुविरहित घ्यावी. रोगट शेतातील सरकी बियाण्यास ठेवू नये. पाने ओली असताना डवरणी करू नये.

सुदानमध्ये नाइट व क्लाउस्टन यांनी १९३९ मध्ये कपाशीतील प्रतिकारक जनुके दाखवून दिली. आपली देशी कपाशी तर या रोगास सहसा बळी पडत नाही. बळी पडते ती अमेरिकन कपाशी. तेव्हा वाण निवडताना केवळ बोंडांचा आकार न पाहता, "हा वाण करप्यास तोंड देतो काय?" असेही विक्रेत्यास विचारावे. ऑगस्टमधील प्रश्नापेक्षा मे महिन्यातील हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.