खडू कुणाच्या हातात?

दोस्तांनो, आपल्या पोरांत ‘मास्तर’ हा शब्द आता शिवीसारखा वापरतात. “तो व्हय? मास्तर झाला. संपला.” कलेक्टर झाला तर वस्तीत बॅनर, हारतुरे, ढोल. मास्तर झाला तर पांढरपेशा, पगारी, चळवळीतून बाद. मी मास्तर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत, वीस वर्षं. तेव्हा या शिवीचा जाब मी विचारणार.

मी काही थोर पुस्तकं वाचून मास्तर झालो नाही. मी सिन्नरचा. आजा हमाल, आई विड्या वळायची. पानं-तंबाखू घरी आणायची, रात्री कंदिलाशी बसून हजार पुरे करायचे, सकाळी नेऊन द्यायचे. तिथं बसलेला माणूस वाटेल तेवढ्या विड्या छाट म्हणून बाजूला काढणार आणि कार्डावर काय ते लिहिणार. बायांना वाचता येत नव्हतं, हेच त्याचं भांडवल. मी तिसरीत होतो. आईनं कार्ड पुढं केलं, “वाच रं, काय लिवलंय?” दिल्या होत्या आठशे, लिहिल्या सातशे. दुसऱ्या दिवशी आईनं चारचौघींत त्याला आकडा विचारला. त्याचं तोंड एवढंसं झालं. त्या आठवड्यात गल्लीतल्या अकरा बाया आपापलं कार्ड घेऊन आमच्या दारात. माझी पहिली शाळा तीच. अक्षर म्हणजे काय, हे मला त्या शंभर विड्यांनी शिकवलं.

आता मला सांगा, हे पांढरपेशी काम आहे?

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. प्राथमिक शाळेचे मास्तर होता होईल तो शेतकरी-कष्टकऱ्यांतूनच तयार करा, असं त्यांनी बजावलं. का? तर असा मास्तर पोरांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल. सोवळ्यातला मास्तर लांबच उभा राहील. त्याच निवेदनात त्यांनी मास्तरचा पगारही मागितला, निदान महिना बारा रुपये. मास्तर कोण, हा प्रश्न जोतीरावांना किरकोळ वाटला नव्हता. तुम्हाला का वाटतो?

आणि बाबासाहेब? त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्कराच्या शाळेत हेडमास्तर. बाबासाहेब स्वतः १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. तिथं सहकारी प्रोफेसरांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली. पोरं मात्र त्यांचा तास ऐकायला बाहेरून येत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. मास्तरच्या पोराला मास्तरकीचं मोल कळत होतं.

वर्गात सत्ता असते, दोस्तांनो. पोरगं उठून म्हणतं, “म्या न्हाई केलं,” आणि मास्तर हसतो. वर्ग हसतो. त्या दिवसापासून ते पोरगं गप्प. पुढं त्याला कुणी नापास करायची गरजच उरत नाही. झाडू कुणाच्या हातात द्यायचा, वाचायला कुणाला उठवायचं, स्कॉलरशिपचा फॉर्म कुणाचा भरून घ्यायचा, हे दररोज ठरतं. मंत्रालयात नाही, वर्गात ठरतं. मी नव्या पोराला पहिल्यांदा त्याच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावतो. पुस्तकी मराठी मागून येते. आधी तोंड उघडू द्या.

म्हणूनच या खुर्चीकडं जाणारी वाट काटेरी करून ठेवलीय. मी आधी एका खाजगी संस्थेत गेलो होतो. मुलाखतीत विषय विचारला नाही, ‘किती देणार?’ विचारलं. आई विड्या वळणारी, मी काय देणार? २००० साली शिक्षणसेवक योजना आली. काम पुऱ्या मास्तरचं, हातात मानधन, तेही तीन वर्षं. प्राथमिकचा शिक्षणसेवक वर्षानुवर्षं सहा हजारांवर राबला. सोळा हजार झाले ते २०२३ साली. २०१३ पासून टीईटी आली. बरं, परीक्षा देऊ. तर २०२१ साली घोटाळा फुटला, पैसे मोजून नापासाचे पास! ज्याच्या खिशात पैसा नाही त्यानं अभ्यास करायचा, आणि ज्याच्याकडं आहे त्यानं निकाल विकत घ्यायचा.

आपल्यातलेही काही मास्तर झाले, कॉलनीत प्लॉट घेतला, वस्तीची वाट विसरले. त्यांना जरूर शिव्या द्या, मीही देतो. पण तशी माणसं कलेक्टरांत नाहीत? वकिलांत नाहीत? मग शिवी एकट्या खडूला का?

तुम्ही पोस्टर लिहिता, सभा घेता, मोर्चे काढता. ते पोस्टर वाचणार कोण, याचा विचार करा. आपण खडू टाकून दिला तर तो खाली पडून राहत नाही, दुसरा उचलतो. आणि फळ्यावर काय लिहायचं ते मग तोच ठरवतो. तेव्हा डीएड-बीएडचे फॉर्म भरा. भरतीसाठी भांडा, मानधनासाठी भांडा, डोनेशनवाल्यांची नावं चव्हाट्यावर आणा. आणि मास्तर झालात तर संध्याकाळी वस्तीत या. अजून पुष्कळ कार्डं वाचायची राहिलीत.